कॉर्निश: ब्रेटनची सख्खी बहीण, वेल्शची बोली नव्हे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: केल्टिक भाषांच्या (वेल्श, आयरिश वगैरेंच्या कुटुंबाच्या) एका तक्त्यात कॉर्निशपुढे ‘मृत, 1777’ असं लिहिलेलं दिसलं. मग आज कॉर्नवॉलमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, शाळांत शिकवतात, रस्त्यांच्या पाट्यांवर लिहितात, ती भाषा कोणती? आणि मुळात ती वेगळी भाषा होती, की वेल्शचीच एक बोली?

आधी उत्तर देतो, मग पुरावे. कॉर्निश ही स्वतंत्र भाषा आहे. तिची सख्खी बहीण ब्रेटन, म्हणजे समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये बोलली जाणारी भाषा. वेल्श चुलत बहीण, आणि आयरिश त्याहून लांबच्या नात्यातली. 1777 हे डॉली पेन्ट्रीथ नावाच्या एका बाईंच्या मृत्यूचं वर्ष आहे, भाषेच्या मृत्यूचं नव्हे. तक्ता करणाऱ्यांनी दोन्ही एकच धरलं. मी पंचवीस वर्षं तौलनिक भाषाशास्त्र शिकवतो आहे आणि दर वर्षी हे वाक्य कुणा ना कुणाच्या वहीत खोडावं लागतं, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

सुरुवात आपल्या ओळखीच्या शब्दापासून करू. संस्कृतात ‘पूर्ण’, लॅटिनमध्ये ‘प्लेनुस’. कॉर्निशमध्ये याच अर्थाचा, याच मुळातून आलेला शब्द आहे ‘लेन’ (ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हणा, म्हणजे नेमका स्वर सापडेल). ब्रेटनमध्ये जवळजवळ तसाच, वेल्शमध्ये ‘ल्लाउन’, आयरिशमध्ये ‘लान’. सुरुवातीचा ‘प’ कुठे गेला? केल्टिक भाषांनी तो गाळून टाकला. मूळ इंडो-युरोपीय ‘प’ शब्दाच्या सुरुवातीला आणि स्वरांच्या मध्ये नाहीसा होणं, ही या सगळ्या कुटुंबाची खूण आहे. एखादी भाषा केल्टिक आहे की नाही, हे पाहायला मी सर्वांत आधी हेच तपासतो.

आता ‘पाच’ घ्या. कॉर्निशमध्ये ‘पिम्प’, ब्रेटनमध्ये ‘पेम्प’. मराठी माणूस हे ऐकून खूश होतो: पंच, पाच, पिम्प, सगळीकडे ‘प’! पण केल्टिकनं ‘प’ गाळला म्हणताना हा आला कुठून? मूळ शब्द साधारण ‘पेन्क्वे’ असा होता. केल्टिकमध्ये (आणि लॅटिनमध्येही) पहिला ‘प’ पुढच्या ‘क्व’सारखा झाला आणि शब्द ‘क्वेन्क्वे’ बनला. लॅटिनचं ‘क्विंक्वे’ त्यातूनच आलं. नंतर ब्रिटनमधल्या केल्टिक बोलींत प्रत्येक ‘क्व’चा ‘प’ झाला आणि ‘पेम्पे’ तयार झालं. म्हणजे आपल्या ‘पाच’मधला ‘प’ मूळचा, आणि कॉर्निशच्या ‘पिम्प’मधले दोन्ही ‘प’ नंतरचे. शब्द एकाच घरातला, पण दिसणारं साम्य योगायोगाचं. वर्गात हे उदाहरण दिलं की ध्वनिनियम म्हणजे काय ते कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हाच ‘क्व’ आयरिशकडच्या शाखेत ‘क’ झाला. म्हणून चारला कॉर्निशमध्ये ‘पेस्वार’, वेल्शमध्ये ‘पेदवार’, तर मँक्समध्ये (आइल ऑफ मॅन बेटाची भाषा) ‘क्येर’. मुलाला इकडे ‘माब’, तिकडे ‘माक’ (मॅकडोनाल्डमधला ‘मॅक’ तो हाच). डोक्याला इकडे ‘पेन’, आयरिशमध्ये ‘क्यान’. यावरून पुस्तकांत ‘प-केल्टिक’ आणि ‘क-केल्टिक’ असे दोन गट करतात: पहिल्यात वेल्श, कॉर्निश, ब्रेटन, दुसऱ्यात आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स. तुमच्या तक्त्यातही असणार. गट बरोबर आहेत, पण त्यासाठी एवढ्या एका खुणेवर माझा फारसा भर नसतो. ‘क्व’चा ‘प’ होणं ही सोपी घटना आहे, ग्रीकमध्ये आणि इटलीतल्या ओस्कन भाषेतही ती घडली. ओस्कन काही त्यामुळे वेल्शची नातेवाईक होत नाही. नातं ठरवायला अशा चार-पाच खुणा एकत्र मिळाव्या लागतात, आणि त्यातल्या काही विचित्र असल्या तर उत्तमच.

विचित्र म्हणजे कशा, त्याचं एक उदाहरण. संस्कृत शिकलेल्यांना आठवेल, तीन आणि चार या संख्यांना स्त्रीलिंगी वेगळी रूपं आहेत: ‘त्रयः’ पण ‘तिस्रः’, ‘चत्वारः’ पण ‘चतस्रः’. लॅटिन-ग्रीकनं ती सोडून दिली. कॉर्निशनं ती जपली: पुल्लिंगी ‘त्री’ आणि ‘पेस्वार’, स्त्रीलिंगी ‘तेइर’ आणि ‘पेदेर’. वेल्शमध्येही आहेत, ब्रेटनमध्येही. युरोपच्या एका टोकाला, अटलांटिकच्या कडेला मासे मारणारी माणसं ‘तिस्रः, चतस्रः’चीच रूपं बोलत होती. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी दुसरं काही वाचू शकलो नव्हतो.

आता मुख्य मुद्दा: वेल्श की ब्रेटन?

थोडा इतिहास लागेल. इंग्रजांचे पूर्वज ब्रिटनमध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेले, तसे तिथले मूळ ब्रिटन लोक मागे रेटले गेले. 577 च्या डायरॅमच्या लढाईनंतर वेसेक्स हे इंग्रजांचं राज्य सेव्हर्न नदीच्या मुखापर्यंत पोचलं आणि वेल्समधले ब्रिटन आणि नैऋत्येकडचे ब्रिटन यांच्यातला जमिनीवरचा रस्ता तुटला. त्याच काही शतकांत नैऋत्येकडचे पुष्कळ लोक समुद्र ओलांडून आजच्या ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाला, जाऊन राहिले. सोबत त्यांनी गावांची, प्रांतांची नावंही नेली. कॉर्नवॉलला कॉर्निशमध्ये ‘केर्नो’ म्हणतात, आणि ब्रिटनीच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या प्रांताचं ब्रेटन नाव आहे ‘केर्ने’. जमिनीनं वेल्श तुटली, पाण्यानं ब्रेटन जोडलेली राहिली. होड्यांतून जगणाऱ्या लोकांना समुद्र हा रस्ताच असतो.

याचा पुरावा शब्दांत आहे. वर ‘पूर्ण’साठी वेल्श ‘ल्लाउन’ आणि कॉर्निश-ब्रेटन ‘लेन’ पाहिलं. हा एकटा शब्द नाही. जिथे जुन्या दीर्घ ‘आ’पासून वेल्शमध्ये ‘आउ’ आला, तिथे कॉर्निश आणि ब्रेटन या दोघींत तो तोंडाच्या पुढच्या भागातला स्वर झाला. जमिनीला, फरशीला वेल्शमध्ये ‘ल्लाउर’, या दोघींत ‘लेर’. दुसरी खूण शाळेची. लॅटिन ‘स्कोला’ तिन्ही भाषांनी उसना घेतला. वेल्शनं पुढे स्वर लावून ‘अस्गोल’ केला (उत्तर हिंदुस्थानात ‘इस्कूल’ म्हणतात, तसाच प्रकार), कॉर्निश आणि ब्रेटन मात्र सरळ ‘स्कोल’ म्हणतात. वेल्शचा तो प्रसिद्ध, जिभेच्या कडेनं हवा सोडून उच्चारायचा ‘ल्ल’ तर या दोघींत नाहीच.

तिसरी खूण माझ्या आवडीची. त्यासाठी केल्टिक भाषांची एक सवय आधी सांगतो. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं शेपूट बदलतं: घोडा, घोड्याला. केल्टिक भाषांत शब्दाचं तोंड बदलतं. ‘पेन’ म्हणजे डोकं. कॉर्निशमध्ये ‘त्याचं डोकं’ म्हणजे ‘इ बेन’, ‘तिचं डोकं’ म्हणजे ‘ही फेन’. ‘त्याचं’ आणि ‘तिचं’ हे शब्द घाईत बोलताना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. डोकं कुणाचं ते ‘ब’ की ‘फ’ यावरून कळतं. नवशिक्याची पहिली अडचणही इथेच होते, कारण ‘फेन’ शब्द कोशात शोधला तर सापडत नाही, ‘प’खाली पाहावं लागतं. आता ‘माझं डोकं’ म्हणा. वेल्शमध्ये ‘प’ नाकातून जातो आणि ‘व म्हेन’ असं काहीसं होतं. कॉर्निशमध्ये ‘ओ फेन’. ब्रेटनमध्ये ‘वा फेन’. कॉर्निश आणि ब्रेटन एकीकडे, वेल्श दुसरीकडे. उसना शब्द कुणीही घेईल, पण व्याकरणाच्या इतक्या आतल्या कोपऱ्यातली सवय कुणी सहज उसनी घेत नाही. ‘वेल्शची बोली’ या म्हणण्यावर माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

मग कॉर्निश ही ब्रेटनची बोली का म्हणू नये? कारण आपला ‘दात’. वेल्शमध्ये ‘दान्त’, ब्रेटनमध्ये ‘दान्त’, कॉर्निशमध्ये ‘दान्स’. शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘त’ आणि ‘द’चा ‘स’ करणं, हे कॉर्निशचं एकटीचं काम. बाप वेल्श-ब्रेटनमध्ये ‘ताद’, कॉर्निशमध्ये ‘तास’. दरी वेल्शमध्ये ‘नान्त’, कॉर्निशमध्ये ‘नान्स’. हे कधी घडलं तेही सांगता येतं. सुमारे 1100 चा एक लॅटिन-कॉर्निश शब्दसंग्रह आहे. त्यात बाप अजून ‘तात’ आहे. 1400 च्या आसपासच्या नाटकांत तो ‘तास’ झालेला दिसतो.

आणि ही गोष्ट नकाशावर पाहता येते. कॉर्निशमध्ये रानाला आधी ‘कोइत’ म्हणत, नंतर ‘कोस’. ‘पेन’ म्हणजे डोकं, आणि आपण डोंगराचा माथा म्हणतो तसंच टोक, शेवट. ‘रानाचं टोक’ या अर्थाचं गावनाव कॉर्नवॉलमध्ये अनेक ठिकाणी आहे. पूर्वेकडे, इंग्लंडच्या बाजूला, ते ‘पेन्क्वाइट’ असं सापडतं. पश्चिमेकडे, जमीन समुद्रात घुसते त्या अंगाला, ‘पेन्कूस’. पूर्वेकडच्या लोकांनी ‘त’चा ‘स’ होण्याआधीच कॉर्निश सोडली, म्हणून त्यांच्या गावांच्या नावात ‘त’ गोठून राहिला. पश्चिमेकडे भाषा जिवंत होती, म्हणून नाव तिच्याबरोबर बदललं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मुक्कामाच्या खोलीत मोठा नकाशा जमिनीवर पसरून लाल पेन्सिलीनं ‘त’ची गावं आणि निळीनं ‘स’ची गावं खुणावली होती. संध्याकाळपर्यंत एक भाषा कुठून कुठे मागे हटली त्याची रेघ डोळ्यांसमोर आली. ती लिहून ठेवायला त्या काळी कुणी बसलं नव्हतं. गावांनी आपापल्या नावात ठेवली.

भाषा का गेली, याचं उत्तर देताना ‘इंग्रजीच्या रेट्यामुळे’ एवढं म्हणून थांबू नये. रेटा वेल्शवरही होता. फरक एका पुस्तकाचा पडला. 1563 च्या कायद्यानं बायबल वेल्शमध्ये करायचं ठरलं, आणि 1588 मध्ये विल्यम मॉर्गननं केलेलं संपूर्ण वेल्श बायबल छापून आलं. तेव्हापासून दर रविवारी वेल्श ही देवळाची, वाचनाची, प्रतिष्ठेची भाषा राहिली. कॉर्निशला तेव्हा बायबल मिळालंच नाही. उलट जे होतं ते गेलं. पेन्रिनजवळ 1265 मध्ये स्थापन झालेलं ग्लास्नी हे धर्मपीठ कॉर्निश लेखनाचं केंद्र होतं. ‘ऑर्डिनालिया’ ही तीन धार्मिक नाटकांची मालिका त्याच्याशी जोडली जाते. ही नाटकं गोल मातीच्या बांधांच्या उघड्या रंगभूमीत, सगळा गाव बसून पाहत असे. सेंट जस्टमध्ये असा एक गोल आजही गावाच्या मध्यभागी आहे. ग्लास्नी 1548 मध्ये बंद झालं. पुढच्याच वर्षी, 1549 मध्ये, देवळातली उपासना लॅटिनऐवजी इंग्रजीत करण्याचा हुकूम आला आणि कॉर्नवॉल-डेव्हनमध्ये बंड झालं. बंडखोरांच्या मागण्यांत एक वाक्य आहे: आम्हा कॉर्निश लोकांतल्या काहींना इंग्रजी समजतच नाही, म्हणून ही नवी इंग्रजी उपासना आम्ही पूर्णपणे नाकारतो. बंड चिरडलं गेलं, हजारो माणसं मेली. त्यानंतर देवाशी बोलायची भाषा इंग्रजी झाली, आणि कॉर्निश घरात, शेतावर आणि होडीत उरली.

होडीत शेवटी काय उरलं, ते एका पत्रात दिसतं. माउझल गावच्या विल्यम बोडिनार या कोळ्यानं जुलै 1776 मध्ये डेन्स बॅरिंग्टन या इंग्रज अभ्यासकाला कॉर्निशमध्ये एक छोटं पत्र लिहिलं, सोबत इंग्रजी अर्थ. सुरुवात अशी: ‘ब्लूथ वी एव त्री एगेन्स अ पेम्प.’ म्हणजे ‘माझं वय तीन विसा आणि पाच.’ पासष्ट. आपल्याकडे कोडीच्या (वीस नगांची एक कोडी) हिशेबानं मोजत तसंच हे विसांवर मोजणं, ते सगळ्या केल्टिक भाषांत आहे. पुढे तो लिहितो: मी मासे मारणारा गरीब माणूस. पोरगा होतो तेव्हा कॉर्निश शिकलो. बापाबरोबर समुद्रावर जायचो, होडीत आणखी पाच माणसं असायची, आठवडा आठवडा इंग्रजीचा एक शब्द क्वचितच कानावर यायचा. कॉर्निश पुस्तक मी कधी पाहिलं नाही. आता आमच्या गावात चार-पाच जणांपेक्षा जास्त कुणाला कॉर्निश बोलता येत नाही, तीही ऐंशीच्या घरातली म्हातारी माणसं. तरुण लोक कॉर्निश पार विसरले.

‘चार-पाच’साठी त्यानं लिहिलं आहे ‘पाजेर पो पेम्प’. मध्ययुगीन ‘पेस्वार’ झिजून ‘पाजेर’ झालेला. म्हणजे शेवटच्या पिढीपर्यंत ही भाषा बदलत होती, जिवंत भाषा बदलते तशी. याच उत्तरकाळात ‘पेन’चं ‘पेड्न’ आणि ‘माम’ (आई) चं ‘माब्म’ झालं होतं. पुस्तक न पाहिलेल्या कोळ्याच्या या काही ओळी म्हणजे बोललेल्या कॉर्निशचा आपल्यापर्यंत आलेला जवळजवळ शेवटचा लेखी आवाज. पत्राच्या पुढच्याच वर्षी, त्याच गावच्या डॉली पेन्ट्रीथ गेल्या. 1860 मध्ये पॉल गावच्या चर्चच्या भिंतीत त्यांचं स्मारक उभं राहिलं, त्यावर त्या कॉर्निश बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती होत्या असं म्हटलं जातं, अशा अर्थाचा मजकूर कोरला गेला आणि 1777 सगळ्या पुस्तकांत शिरलं. बोडिनार त्यांच्यानंतर 1789 पर्यंत जगला. त्यानंतरही आकडे, प्रार्थना, म्हणी माहीत असलेली माणसं होती. झेनॉरजवळचे जॉन डेव्ही 1891 मध्ये वारले, त्यांना परंपरेनं आलेलं थोडं कॉर्निश येत होतं. त्यामुळे तक्त्यात ‘मृत, 1777’ऐवजी ‘अठराव्या शतकाच्या अखेरीस रोजच्या बोलण्यातून गेली’ असं लिहा.

आता शेवटचा भाग: आजची कॉर्निश खरी की बनवलेली?

1904 मध्ये हेन्री जेनर यांनी कॉर्निश शिकण्याचं हस्तपुस्तक काढलं, तिथून पुनरुज्जीवन धरतात. त्यांनी भाषेचा शेवटचा टप्पा पाया म्हणून घेतला. 1929 च्या सुमारास रॉबर्ट मॉर्टन नॅन्स यांनी मध्ययुगीन नाटकांवर आधारलेलं एक सरसकट लेखन बसवलं. 1986 मध्ये केन जॉर्ज यांनी मध्ययुगीन उच्चारांचा संगणकानं अभ्यास करून नवी लेखनपद्धती मांडली. त्याच काळात रिचर्ड गेंडल यांनी पुन्हा बोडिनारच्या काळाकडे जायचं म्हटलं. 1995 मध्ये निकोलस विल्यम्स यांनी नॅन्सची पद्धत दुरुस्त केली. काहीशे बोलणाऱ्यांमध्ये चार लेखनपद्धती, आणि भांडणं कडवी. 2008 मध्ये समेट होऊन एक प्रमाण लेखी रूप ठरलं. त्यात ‘पेन’ आणि ‘पेड्न’ दोन्ही चालतात, आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. एकाच भाषेच्या दोन काळांतलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवायला शास्त्रात आधार नाही.

बनवाबनवीच्या आरोपाबद्दल: व्याकरण आणि मूळ शब्दभांडार नाटकं, प्रवचनं, पत्रं आणि एडवर्ड ल्हुइड या वेल्श पंडितानं 1700 च्या सुमारास प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून टिपलेल्या नोंदी यांतून आलं आहे. साहित्य कमी आहे, पण अजून सापडतंय. जॉन ट्रेगिअर या धर्मगुरूची सोळाव्या शतकातली प्रवचनं 1949 मध्ये उजेडात आली, ‘के’ नावाच्या संताच्या चरित्रावरचं एक अख्खं नाटक 2000 मध्ये वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडलं. प्रत्येक वेळी पुनरुज्जीवनकारांचे काही अंदाज खरे ठरले, काही चुकले, आणि चुकलेले दुरुस्त झाले. जिथे शब्दच नाही तिथे ब्रेटन आणि वेल्शकडे पाहून, ध्वनिनियम लावून शब्द घडवतात: तिकडे ‘त’ असेल तर इथे ‘स’. टेलिफोनला ‘पेलगाउझेर’ म्हणतात, ‘लांबचा बोलणारा’. आपल्याकडे ‘दूरध्वनी’ झाला त्याच वाटेनं. ज्या भाषेत नवा शब्द घडवायला बहिणींकडे जाता येतं आणि जाताना नियम ठाऊक असतो, तिला बनावट म्हणणं मला पटत नाही. उच्चाराबाबत मात्र प्रामाणिक राहावं लागतं. आजच्या बहुतेक बोलणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी आहे आणि ती ऐकू येते.

2002 मध्ये ब्रिटिश सरकारनं प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेखाली कॉर्निशला मान्यता दिली. 2010 मध्ये युनेस्कोनं तिच्यापुढचं ‘नष्ट’ काढून ‘अत्यंत संकटग्रस्त’ केलं. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये 563 जणांनी ‘माझी मुख्य भाषा कॉर्निश’ असं लिहिलं. आकडा लहान आहे, पण बोडिनारच्या ‘चार-पाच’शेजारी ठेवून पाहा.

तुम्हाला पुढे अभ्यास करायचा असेल तर माझा सल्ला: कॉर्निशपासून सुरुवात करू नका. आधी सहा महिने वेल्श शिका, तिची शिकण्याची साधनं भरपूर आहेत, आणि तोंड बदलणाऱ्या शब्दांची सवय तिथे होते. मग ब्रेटनचं प्राथमिक व्याकरण वाचा. त्यानंतर बोडिनारचं पत्र घ्या आणि कोश न उघडता वाचायचा प्रयत्न करा. ‘पेम्प’ ओळखू येईल, ‘मोर’ (समुद्र) ओळखू येईल, ‘पोब्ल कोथ’ (म्हातारी माणसं) जरा विचार करून लागेल. जे शब्द अडतील त्यांची यादी मला पाठवा. पुढचं उत्तर त्या यादीपासून सुरू करू.